श्पीरोची वही

चाळीस वर्षं माझा नवरा जहाजावर
कानाला यंत्र लावून बसायचा.
टिंब, रेघ, टिंब.
कुठं वादळ, कुठल्या बोटीला आग,
कुठल्या खलाशाला मुलगा झाला,
सगळं आधी त्याला कळायचं.
मी इथे, कोटोरच्या तटाखाली,
पाव भाजत होते, पोरं वाढवत होते.
माझं काही त्याच्या कानावर जात नव्हतं.

निवृत्त झाला आणि मांजरांच्या मागे लागला.
आमच्या जिन्यात सात,
मासळीबाजारात वीस-पंचवीस,
घंटाघराखाली तर मोजूच नयेत.
जुन्या लॉगबुकाची कोरी पानं काढली,
वेळ, वारा, ठिकाण, आणि समोर आवाज:

"६:१०. उत्तरेचा वारा. शारा, दारात.
आखूड म्यांव, शेवट वर उचललेला: उठलास का.
लांब म्यांव, शेवट खाली पडलेला: वाटी रिकामी.
तोंड न उघडता, घशातल्या घशात र्रर्र:
पिलांनो, मागून या.
मलाही एकदा म्हणाली. गेलो.
खिडकीत, पाकोळ्या बघून दात वाजवते, क्-क्-क्-क्:
हाव? तालीम? माहीत नाही.
फिस्स: भाषांतर नको.
गुरगुर: सुख."
खाली वेगळ्या शाईत:
"बंदरावर ट्रकखाली आलेला कपितान
शेवटपर्यंत हेच करत होता.
वरचा अर्थ खोडावा."
अजून खोडलेला नाही.

एकदा म्हणाला,
"मोठी मांजरं एकमेकांना म्यांव करत नाहीत, यागोदा.
ही बडबड आपल्यासाठी.
माणसाला शेपटी वाचता येत नाही,
मग करतात काय बिचारी, घसा वापरतात."
मी म्हटलं, "बायकांचंही तसंच."
तो लिहीत होता.
ऐकलं नाही, असं मला वाटलं.

मग कान जायला लागले.
आधी बारीक आवाज गेले: पिलांची चिंचिं,
किटलीची शिटी, दारावरची घंटा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच असतं,
उंच सूर आधी उतरून जातात.
आता तो शाराच्या बरगड्यांवर तळवा ठेवतो
आणि डोळे मिटतो, जसा पूर्वी
दूरची बोट ऐकताना मिटायचा.

"आता तू ऐक आणि लिही," म्हणाला.
वही माझ्याकडे दिली.
कोरं पान शोधताना मागे एक पान लागलं.
वर नाव: यागोदा.

"१९:४०. बशी ओट्यावर, आदळून: मला उशीर झाला.
बशी ओट्यावर, अगदी हलकेच: फार उशीर झाला.
जिन्यात दर चौथ्या पायरीला 'हं': राग.
भांडी घासताना गुणगुण: मिलेनाचं पत्र आलं.
गुणगुण मध्येच तुटते: मिलेना.
विचारू नये."

मला मांजरांच्या यादीत घातलं!
दोन दिवस मी बोलले नाही.
बशा इतक्या आदळल्या की एक फुटली,
पण ते सगळं वाया,
त्याला ऐकू कुठे येत होतं.

तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेतली.
'राग' खोडून लिहिलं: गुडघा.
खूप वर्षं झाली, गुडघाच आहे.
बशांचं बरोबर होतं, ते राहू दिलं.
शेवटच्या ओळीतला फक्त 'नये' खोडला.
वही जागेवर ठेवली.
त्यानं उघडली की नाही, मी पाहिलं नाही.

आज सकाळी तो खिडकीकडे पाठ करून
बांगडे साफ करत होता.
शारा गजांशी, मान ताणून,
क्-क्-क्-क्-क्.
मी त्याच्या ओल्या मनगटावर बोट ठेवलं
आणि तेवढ्याच वेगात वाजवलं.
सुरी थांबली.
मागे न वळता म्हणाला,
"पाकोळ्या आल्या? किती?"

तटावर, घंटाघराच्या वर,
कुठे एक जागी थांबत नव्हत्या.
मी मोजत राहिले,
त्याच्या मनगटावर, चुकत, परत पहिल्यापासून.